घर राखायला परदेशी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं बेळगावच्या शहापूर भागात राहतो. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही परदेशात लोकांची घरं आणि जनावरं राखायला लागलो. आतापर्यंत इंग्लंड आणि पोर्तुगालमध्ये मिळून सहा घरं राखली. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, गणपतीच्या मंडपात भेटणारी माणसं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

हाऊस सिटिंग, पेट सिटिंग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला किंवा पंढरीला निघालेलं घर शेजाऱ्याला सांगून जातं, "म्हशीची धार तेवढी काढा, तुळशीला पाणी घाला, संध्याकाळी दिवा लावा." शेजारी ते करतो. हाऊस सिटिंग म्हणजे तेच, फक्त शेजारी अनोळखी आणि सातासमुद्रापलीकडचा. घरमालक पंधरा दिवस, महिनाभर बाहेर जातो. आपण त्याच्या घरात राहायचं, त्याच्या कुत्र्या-मांजरांना वेळेवर खायला द्यायचं, फिरवायचं, झाडांना पाणी घालायचं, टपाल आत घ्यायचं. तो आपल्याकडून भाडं घेत नाही, आपण त्याच्याकडून पैसे घेत नाही.

सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कुत्री राखायला इमानातनं जायलासा?" मी म्हटलं, हो आई, कुत्रीच राखायला. त्यांना पटायला एक वर्ष लागलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच सांगतात.

म्हणजे फुकटात राहायला मिळतं, असंच ना?

हा शब्द डोक्यातून काढा. फुकट राहायचंय या भावनेने गेलेली माणसं आठव्या दिवशी कंटाळतात, कारण पहाटे साडेसहाला पावसात कुत्रा बाहेर न्यावाच लागतो. जनावर सुट्टी घेत नाही. आपण हॉटेलचे पैसे देत नाही, त्याऐवजी आपला वेळ देतो आणि शब्द देतो. तिकडची माणसं आपलं जनावर सोडून जातात, त्यातली काही जनावरं पंधरा वर्षं त्यांच्या उशाशी झोपलेली असतात. ज्यांना प्राण्यांची मुळातून माया नाही त्यांनी साधं गेस्ट हाऊस बघावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

टुरिस्ट व्हिसावर हे चालतं का?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. आणि लोक तो सगळ्यांत शेवटी विचारतात.

पैसे घेत नाही म्हणजे हे काम नाही, असं आपल्याला वाटतं. परदेशातले अधिकारी तसंच मानतील असं नाही. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसात सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण काम करायला मनाई आहे आणि त्या मनाईत बिनपगारी कामही येतं. न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात राहायची सोय मिळाली तर तोही मोबदला धरला जातो. अमेरिका तर फारच कडक. २०२२ साली एक ऑस्ट्रेलियन बाई मांजर सांभाळायला कॅनडाला निघाली होती. वाटेत लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तिची चौकशी झाली. मांजरं सांभाळून त्या बदल्यात राहणं म्हणजे काम, असं ठरवून तिला तिथूनच परत पाठवलं. तिला अमेरिकेत थांबायचं नव्हतं, फक्त विमान बदलायचं होतं. म्हणून आम्ही अमेरिकेतली घरं घेत नाही. विमानाचा थांबाही तिथे घेत नाही.

मग आम्ही काय करतो? अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहितो की फिरायला येतो आहोत, इतके दिवस या कुटुंबाच्या घरी राहू, ते नसताना त्यांचा कुत्रा आमच्याकडे असेल, पैशाची देवाणघेवाण नाही. सोबत मालकाचं पत्र जोडतो. आणि सगळे दिवस हॉटेलात काढायची वेळ आली तरी पुरेल एवढी शिल्लक खात्यात दाखवतो. असं लिहून आम्हाला व्हिसा मिळाला आहे आणि एकदा नाकारलाही गेला आहे. नाकारला तेव्हा वाईट वाटलं. पण मालकांना पाच आठवडे आधी कळवता आलं आणि त्यांना दुसरी माणसं मिळाली.

आमचा अनुभव म्हणजे कायदा नव्हे. तुम्ही ज्या देशात जाणार त्याच्या वकिलातीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एका घरमालकांनी आम्हाला सुचवलं होतं की विमानतळावर 'मित्राकडे आलोय' असं सांगा. घर समुद्रकाठी होतं, फार सुंदर. आम्ही नको म्हटलं. अधिकाऱ्यासमोर खोटं बोलून त्या घरात शिरलो असतो तर आपल्याच शब्दाला काय किंमत उरली असती? पुढे कुठल्याही देशाचा अर्ज भरताना ते खोटं मानगुटीवर बसलं असतं ते वेगळंच.

आमची कागदपत्रं कन्नडमध्ये आहेत. चालतील का?

चालतील, पण भाषांतरासह. पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या सल्ल्यात कन्नड कागदांचा विषय कधीच नसतो. आपल्याकडे लग्नाचा दाखला कन्नडमध्ये, शेताची पहाणी म्हणजे आरटीसी कन्नडमध्ये, घराचा सिटी सर्व्हे उतारा कन्नडमध्ये. आपण परत येणार हे पटवायला शेती-घराचे कागद फार उपयोगी पडतात, पण ते वाचता आले तर.

ब्रिटनसाठी इंग्रजी किंवा वेल्श सोडून दुसऱ्या भाषेतल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर लागतं. भाषांतर मूळ कागदाबरहुकूम आहे असं भाषांतरकाराने लिहून द्यावं लागतं. त्यावर तारीख, त्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता हवा. कोर्टाच्या आवारात टंकलेखन करणाऱ्याकडून घाईत करून घेऊ नका. आमच्या पहिल्या भाषांतरात 'गुंठे'चे 'एकर' झाले होते आणि आम्ही एका रात्रीत जमीनदार झालो होतो. सही घेण्याआधी वाचलं म्हणून कळलं. तसंच गेलं असतं तर खोटी मालमत्ता दाखवली असा शिक्का बसला असता.

जुन्या कागदांवर 'बेळगाम' आहे, नव्यांवर 'बेळगावी'. अडचण येते का?

येऊ शकते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बदललं. त्याआधीच्या पासपोर्टवर, जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर जुनं स्पेलिंग असतं. आपण घरात, बाजारात 'बेळगाव'च म्हणतो आणि म्हणत राहू, पण अर्जात पासपोर्टवर जे छापलंय अगदी तेच उतरवा. दोन कागदांत फरक असेल तर पत्रात एक ओळ घाला की ही दोन्ही नावं एकाच शहराची आहेत आणि अमुक तारखेला नाव बदललं.

त्याहून मोठी भानगड माणसांच्या नावांची. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सरळ ओळ असते. नंतरच्या काही कागदांवर कन्नड पद्धतीने आद्याक्षरं आलेली असतात. बायकांचं तर माहेरचं एक, सासरचं एक. माझ्या चार कागदांवर चार नावं होती. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा, सगळं पासपोर्टवरच्या नावाने काढा. पासपोर्टच चुकीचा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

पासपोर्ट, पोलीस दाखला, व्हिसा यासाठी कुठे कुठे जावं लागतं?

प्रौढांचा साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो आणि दहा वर्षं चालतो. तातडीचा हवा असेल तर वर २,००० रुपये. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्जही पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच करायचा, त्याची फी ५०० रुपये. तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात चौकशी होते. घरमालक हा दाखला मागतातच असं नाही, पण अनोळखी माणसाला किल्ली देताना तो त्यांना धीर देतो. काढून ठेवाच.

व्हिसा केंद्राचं आधी नीट बघा. आपल्याला पुणे जवळ, गोवा तर त्याहून जवळ, पण पत्ता कर्नाटकचा. काही देश कुठल्याही शहरात अर्ज घेतात, काही देश राहत्या राज्यानुसार बेंगळुरूलाच बोलावतात. आम्ही एकदा पुण्याचं तिकीट काढून मग नियम वाचला. शेवटी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी बेंगळुरूला बोटांचे ठसे दिले आणि त्याच रात्री परत निघालो.

किती आधी ठरवायचं?

हाऊस सिटिंगवरचे बहुतेक सल्ले व्हिसाशिवाय फिरणाऱ्या माणसांनी लिहिलेले असतात. 'परवा या' अशा जाहिरातीला ऑस्ट्रेलियातलं जोडपं धावून जातं, आपण जाऊ शकत नाही. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या पोर्तुगाल, फ्रान्ससारख्या युरोपातल्या देशांचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. आणि कुठल्याही १८० दिवसांत त्या सगळ्या देशांत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

म्हणून आम्ही पाच-सहा महिने पुढच्या तारखांचीच घरं बघतो. मालकांना पहिल्याच निरोपात सांगतो, "आम्ही भारतीय पासपोर्टवर येतो, व्हिसा हातात पडेपर्यंत पक्कं म्हणणार नाही. तुम्ही पर्यायी सोय ठेवा." काही जण तिथेच थांबतात. जे थांबत नाहीत ते आपल्यासाठी योग्य.

घरं कुठे शोधायची?

ट्रस्टेड हाऊससिटर्स हे २०१० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेलं, सगळ्यांत मोठ्या संकेतस्थळांपैकी एक. हाऊसकेअरर्स ऑस्ट्रेलियातलं, त्याहून जुनं. फ्रान्समधली घरं नोमॅडरवर जास्त. माइंड माय हाऊस लहान आहे, पण स्वस्त. सगळीकडे वार्षिक वर्गणी असते. ती भरण्याआधी आपल्या तारखांना, आपल्याला जाता येईल अशा देशात किती घरं आहेत ते फुकट बघता येतं. एकाच ठिकाणची वर्गणी भरा.

आम्हाला अनुभव नाही. पहिलं घर कोण देणार?

पहिलं घर परदेशात शोधूच नका. आम्ही सुरुवात पुण्यातल्या एका ओळखीच्या घरापासून केली. दोन मांजरं, नऊ दिवस. मग गोव्यात एक कुत्रा. या दोघांनी लेखी शिफारस दिली आणि ती तिसऱ्या घराला उपयोगी पडली.

शिवाय तुम्हाला वाटतं तितका तुमचा अनुभव कोरा नाही. खानापूर भागातल्या बाईने आयुष्यभर गाय, म्हैस, कोंबड्या, राखणीचा कुत्रा, घूस मारणारं मांजर असं सगळं सांभाळलेलं असतं. जनावर चारा का टाकतंय हे तिला डोळ्यांवरून कळतं. आमच्या यजमानांचं आजोळ जमखंडीकडचं. तिथे घरात मुधोळ हाउंड होते. २००५ साली टपाल खात्याने ज्या देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत हा मुधोळ होता, आणि पुढे सैन्यानेही ही जात घेतली. ह्यांनी संकेतस्थळावरच्या आमच्या माहितीत लिहिलं की लांब पायांच्या, शिकारी डोळ्यांच्या कुत्र्याला ससा दिसला की दोरी कशी धरायची हे मी दहाव्या वर्षी शिकलो. इंग्लंडात हेरफर्डशरमधल्या एका घरात तसाच लांब पायांचा ग्रेहाउंड कुत्रा होता. मालकांनी नंतर सांगितलं की त्या एका वाक्यावर त्यांनी आम्हाला निवडलं.

इंग्रजी कच्चं असेल तर?

साधं, खरं इंग्रजी पुरतं. व्हिडिओ कॉलवर मालक तुमचं व्याकरण तपासत नाहीत, तुम्ही काय विचारता ते बघतात. औषध कुठलं, किती वाजता? डॉक्टर किती लांब? कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांशी कसा वागतो? रात्री कुठे झोपतो? हे प्रश्न वहीत लिहून समोर ठेवा. आणि बोलायला दोघंही बसा. एकटा नवरा बोलतोय आणि बायको मागे चहा करतेय, हे त्यांना खटकतं.

जोडप्याने गेल्याचा फायदा काय? कामं कशी वाटून घेता?

मालकांना जोडपं आवडतं, कारण एकजण आजारी पडला तरी घर बंद पडत नाही. आम्ही कामं वाटली ती स्वभावाप्रमाणे. सकाळचं फिरवणं ह्यांचं, औषधं माझी. औषधाला एकच माणूस हवा. दोघांनी घेतलं की एक दिवस दोनदा दिलं जातं नाहीतर एकदाही नाही. इन्सुलिनवरच्या मांजराला बारा-बारा तासांनी टोचावं लागतं. तिथे 'तुम्ही दिलं असेल असं मला वाटलं' हे चालत नाही. फ्रिजवर कागद चिकटवा, दिलं की वेळ लिहा, सही करा.

आणखी एक. बेळगावात आम्हा दोघांच्या मध्ये दिवसभर माणसं असतात: सासूबाई, शेजार, शिकवणीची मुलं. परक्या खेड्यात पाच वाजता अंधार पडल्यावर दोघंच उरतो. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा कडाडून भांडलो, तेही थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा यावरून. मग रोज दुपारी तासभर वेगवेगळं राहायचं ठरवलं. ते गावात फिरायला, मी शिवण घेऊन खिडकीत. तेव्हापासून बरं चाललंय.

कुत्र्याला आपलं जेवण दिलं तर चालतं का?

नाही. कृपा करून देऊ नका. आपली माया ताटातून व्यक्त होते, आणि नेमकी तीच इथे जिवावर बेतते.

कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. चॉकलेट विष आहे. बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉलही. आणि आपलं जेवण बघा: कांदा-लसूण मसाला नसलेली आमटी नाही, बेदाणे नसलेला शिरा नाही.

पोर्तुगालमधल्या घरात एक म्हातारी लॅब्राडोर होती, तेरा वर्षांची. मी ज्वारीची भाकरी करायला लागले की ती ओट्याखाली येऊन बसायची. तोंडावरची केसं पांढरी झालेली, डोळ्यांत मोतीबिंदूचा निळसर पडदा. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून माझा हात खाली गेला होता. घरी गल्लीतल्या कुत्रीला मी तेव्हा रोज असाच द्यायचे. ह्यांनी मनगट धरलं. मी आमटीकडे बघितलं, वर कांद्याच्या फोडणीचा तवंग होता. तिला कोरड्या भाकरीचा तुकडाही मी त्या दिवशी दिला नाही. आधी मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी परवानगी दिली तेव्हा दुसऱ्या दिवसापासून बोटाएवढा, कोरडा.

मालकाने लिहून दिलेलं आणि मोजून दिलेलं तेवढंच खाणं. सणाच्या दिवशीसुद्धा.

आणि मांजरं?

मांजराच्या मागे लागू नका. एका घरातलं मांजर दोन दिवस वॉशिंग मशीनच्या मागे बसलं होतं. मी तिथे जमिनीवर चटई टाकून मासिक वाचत बसायची, त्याच्याकडे न बघता. तिसऱ्या संध्याकाळी चटईच्या कडेवर एक पंजा आला. घरात लिलीची फुलं कधीही आणू नका. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी जाते. बाई गरोदर असेल तर मांजराच्या शी-शूच्या वाळूचं भांडं नवऱ्याने साफ करावं, कारण विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होऊ शकते.

आम्ही शाकाहारी आहोत. मांस हाताळावं लागतं का?

बहुतेक घरांत कोरडं खाणं नाहीतर डबा असतो, पण त्यातही मांस असतंच. काही घरांत कच्चं मांस देतात. तुम्हाला जमणार नसेल तर कॉलवरच सांगा आणि ते घर सोडा. मांजराला दहीभात घालून पुण्य मिळत नाही. त्याचं शरीर मांसावरच चालतं.

बाहेर फिरवताना काय लक्षात ठेवायचं?

त्या त्या जागेचे धोके विचारून घ्या. पोर्तुगालमध्ये हिवाळा सरताना पाइनच्या झाडांवरून केसाळ सुरवंट एकामागे एक रांगेने खाली उतरतात. कुत्र्याने त्यांना हुंगलं किंवा चाटलं तर जीभ सुजते, सडते, वेळेत उपचार नाही झाले तर जीवही जातो. मालकीणबाईंनी निघण्याआधी आम्हाला ती झाडं आणि वर लटकणारी पांढरी, रेशमी घरटी हाताने दाखवली. ती वाट आम्ही फेब्रुवारीभर टाळली. इंग्लंडमध्ये मेंढ्या चरत असतील तिथे कुत्रा दोरीवरच हवा. मेंढ्यांच्या मागे धावणाऱ्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो. आणि विष्ठा पिशवीत उचलायची, न उचलल्यास दंड होतो. पहिल्या दिवशी किळस येते, तिसऱ्या दिवशी काहीच वाटत नाही.

जनावर आजारी पडलं किंवा दगावलं तर?

मालक निघण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: डॉक्टरचा पत्ता आणि रात्री कुठे न्यायचं ते, किती खर्चापर्यंत न विचारता उपचार करायचे, आणि त्यांचा फोन लागलाच नाही तर निर्णय कोणी घ्यायचा. तिसरा प्रश्न विचारताना जीभ जड होते. तरी विचारा. म्हाताऱ्या जनावरांच्या बाबतीत मालकांनी याचा विचार केलेला असतो आणि आपण विचारल्यावर त्यांना बरंच वाटतं.

त्या लॅब्राडोरला एका रात्री धाप लागली. मी फोन केला तेव्हा मालकीणबाई मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या होत्या. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, ती वाचली. पहाटेपर्यंत मी तिच्याजवळ जमिनीवर होते आणि दर अर्ध्या तासाने त्यांना निरोप पाठवत होते. 'पाणी प्यायली.' 'शेपूट हलवली.' त्या नंतर म्हणाल्या की ते निरोप वाचत त्यांनी रात्र काढली.

कुंदा घेऊन जाऊ का?

मलाही फार वाटलं होतं. पण कुंदा म्हणजे खवा, आणि आपल्याकडून युरोपियन संघात किंवा ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. निघायच्या सकाळी बॅगेतून डबा काढून ठेवला. ऑस्ट्रेलियात तर प्रत्येक खाद्यपदार्थ लिहून जाहीर करावा लागतो. आता आम्ही भेट म्हणून शहापुरी विणकराकडचं कापड नेतो, नाहीतर चपला. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, आपला बेळगाव त्यांत आहे. अथणीच्या कारागिराने शिवलेला जोड देताना हे सांगितलं की लोक चप्पल हातात घेऊन उलटसुलट बघतात.

स्वयंपाक, देवपूजा करता येते का?

येते, विचारून. फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, म्हणून दार बंद, पंखा सुरू, खिडकी उघडी. हळदीचे डाग पांढऱ्या ओट्यावरून निघत नाहीत. खाली जुनं फडकं घाला. आम्ही उदबत्ती आत लावत नाही, अंगणात लावतो. एका घरी दमा असलेला कुत्रा होता, तिथे तीही नाही लावली.

फिरायला वेळ मिळतो का?

जाहिराती नीट वाचा. 'कुत्र्याला चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये' असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. म्हणजे लांबचा दिवसभराचा प्रवास नाही. ज्यांना बारा दिवसांत सात शहरं बघायची आहेत त्यांनी टूर घ्यावी. आम्हाला मिळालं ते वेगळं. रोज त्याच वाटेने गेल्यामुळे पाववाला आम्हाला कुत्र्याच्या नावाने ओळखायचा. दोन घरांच्या मध्ये चार-सहा दिवस मोकळे ठेवून तेव्हा आम्ही शहरं बघतो.

शेवटी खर्च किती वाचतो?

राहण्याचा जवळजवळ सगळा, आणि स्वयंपाकघर असल्याने जेवणाचाही बराचसा. विमान, व्हिसा, विमा, वर्गणी हे आपलंच. आठ दिवसांसाठी हा सगळा खटाटोप परवडत नाही, तीन-चार आठवड्यांच्या पुढे परवडतो. विमान गोव्याहून पकडणार असाल तर पावसाळ्यात चोर्ला घाटावर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशीच उतरा. विम्याच्या कागदात हेही बघा की तुमच्या ताब्यातल्या कुत्र्याने कोणाला चावलं तर ते त्यात बसतं का. बहुधा बसत नाही. मग मालकाच्या विम्यात बसतं का ते विचारून घ्या.

घरात काही मोडलं तर?

त्याच दिवशी सांगा, फोटोसकट. माझ्या हातून एका मातीच्या किटलीचं झाकण फुटलं. सांगेपर्यंत जेवण गेलं नाही. त्या बाई म्हणाल्या, "ते आधीच एकदा चिकटवलेलं होतं."

तुम्ही नसताना तुमच्या घराचं काय?

समोरच्या कन्नड कुटुंबाकडे किल्ली असते. पूर्वी आम्ही तोंडीच सांगून निघायचो. पण परदेशातल्या प्रत्येक घरात आम्हाला एक वही मिळायची: पाण्याचा मुख्य नळ कुठे, फ्यूज कुठे, कोणाला फोन करायचा, कुत्र्याला कुठे खाजवलेलं आवडतं. ती बघून मीही एक वही केली. सिलेंडरचा खटका, इन्व्हर्टरचं पाणी, नळ कोणत्या दिवशी किती वाजता येतो, तुळशीला किती तांबे, सासूबाईंना भेटायला कोणत्या वेळी डोकवावं. ह्यांना कन्नड लिहिता येतं, त्यांनी सगळं कन्नडमध्ये उतरवलं. शेवटच्या पानावर मी गल्लीतल्या कुत्रीबद्दल लिहायला सांगितलं: संध्याकाळी सातला दाराशी येते, अर्धी भाकरी, कोरडी, कांद्याचं काही नको.